काळ्या मातीतील नाणी

हिंगोलीच्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील, परंतु त्या काळी अकोला जिल्ह्यात मोडणाऱ्या तऱ्हाळा या गावी १९३९ साली सातवाहनकालीन नाण्यांचा एक मोठा निधी सापडला. एका अंगास हत्ती आणि दुसऱ्या अंगास उज्जयिनी चिन्ह असलेली, तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची ती नाणी वा. वि. मिराशी यांनी वाचली, तेव्हा गौतमीपुत्र, पुळुमावी अशा परिचित राजांच्या पंक्तीस कुंभ, कर्ण आणि शक ही पुराणांतील राजावळीत न आढळणारी सातकर्णी नावे येऊन बसली. हा निधी ज्याच्या हाती प्रथम लागला त्याने चिंच लावून नाणी घासली असती आणि एकेक करून बाजारात विकली असती, तर हे तीन राजे इतिहासाला कदाचित कायमचे पारखे झाले असते. धातुशोधक यंत्र घेऊन छंद म्हणून शिवारात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी ध्यानी घ्यावी, असे मला आग्रहाने वाटते.

हिंगोलीच्या मातीत सापडण्याजोगे पुष्कळ आहे. येथे निजामी राज्याचा हाली शिक्का चालत असे, आणि हैदराबाद कंटिंजंटची छावणी याच कसब्यात असल्यामुळे इंग्रजी कलदार रुपयाही लोकांच्या परिचयाचा होता. साहजिकच नांगराच्या फाळाला लागून चारमिनारचे चित्र असलेला रुपया, जाड ढब्बू पैसा किंवा झिजलेली शिवराई वर आली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

यंत्राचे तत्त्व समजावयास अवघड नाही. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्या क्षेत्रात आलेल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्यांचे प्रत्युत्तर यंत्र ध्वनिरूपाने कळविते. सुरुंग शोधण्यासाठी पोलिश अभियंता कोसात्स्की याने दुसऱ्या महायुद्धात घडविलेले असेच यंत्र १९४२ साली एल् अलामीनच्या वाळवंटात उपयोगी पडले होते. परंतु वाळवंट वेगळे आणि आपली काळी जमीन वेगळी. काळवथरी खडकापासून बनलेल्या या मातीत लोहयुक्त चुंबकीय खनिजांचा अंश असल्याने यंत्र वारंवार फसवे संकेत देते. शिवाय ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, त्यामुळे वरची वस्तू भेगेतून खाली सरकते, आणि एखादे नाणे किती खोल सापडले एवढ्यावरूनच त्याचे वय ठरविता येत नाही.

कायद्याची बाब थोडक्यात सांगतो. १८७८ चा निधिविषयक कायदा अद्याप अमलात असून, जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी वर्दी देणे आणि तो सरकारी खजिन्यात जमा करणे अथवा त्याबद्दल जामीन देणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे. लपविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुढे योग्य चौकशी होऊन शोधणाऱ्यास व जमीनमालकास त्यांचा हिस्सा देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्यावाचून खोदणे हा तर स्पष्ट गुन्हाच. इंग्लंडात फ्रोम येथे २०१० साली एका छंदिष्टाला बावन्न हजारांवर रोमन नाण्यांनी भरलेला रांजण लागला, तेव्हा त्याने पुढे हात न घालता पुरातत्त्वज्ञांना पाचारण केले. म्हणूनच ती नाणी रांजणात कोणत्या थरांनी भरली होती हे आज सांगता येते.

आता स्वच्छतेविषयी, कारण खरी हानी येथेच होते. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंच, लिंबू व राख यांनी लखलखीत करण्याची रीत आहे, आणि तीच नाण्याला लावण्याचा मोह अनावर असतो. परंतु शतकानुशतके पुरून राहिलेल्या तांब्याच्या नाण्यावरची अक्षरे पुष्कळदा त्या हिरव्या-तांबूस पुटातच टिकून असतात. आम्लाने पूट गेले की अक्षरेही जातात आणि हाती गुळगुळीत चकती उरते. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात नाणे काही दिवस भिजत ठेवावे, पाणी वरचेवर बदलावे, मऊ झालेली माती बांबूच्या टोकदार काडीने भिंगाखाली हलकेच उकरावी, आणि नाणे पूर्ण सुकवावे. कोठे फिकट हिरवी भुकटी पुनःपुन्हा उगवत असेल, तर तो क्लोराइडमुळे जडणारा ब्राँझरोग होय. त्यावर घरगुती उपाय करू नये, नाणे इतरांपासून अलग करून कोरड्या जागी ठेवावे व जाणकाराच्या हवाली करावे. चांदीवरचा काळा थर बहुधा निरुपद्रवी असतो, तो तसाच राहू द्यावा. शिशाचे नाणे मात्र लाकडी पेटीत कधीही ठेवू नये, लाकडातून निघणाऱ्या आम्लवाफेने त्याचे पांढरे पीठ होते.

तऱ्हाळ्यासारख्या मिश्रधातूची ठिसूळ नाणी हाती आली, तर ती मुळीच न धुता, मौजे, गट क्रमांक, खोली व सोबत सापडलेली खापरे यांची नोंद करून, वर्दी दिल्यानंतर तज्ज्ञांस दाखवावी. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था याच विषयास वाहिलेली आहे.