दोन रेघांमधला रंग

स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर या गृहस्थाने १७८६ साली व्यापाराच्या आलेखांचे एक पुस्तक काढले. त्यात इंग्लंडचा डेन्मार्क व नॉर्वे यांच्याशी १७०० ते १७८० या काळात झालेला व्यापार दोन वक्ररेषांनी दाखविला आहे. एक आयातीची, दुसरी निर्यातीची. आयात वर असेतोवर मधल्या जागेला एक रंग आणि निर्यात वर गेली की दुसरा. तोटा कुठे संपला हे आकडे न वाचताही कळते.

अर्थशास्त्राच्या तासाला हा आलेख पाहिला, तेव्हा मला आमच्या घरची दुधाची वही आठवली. अण्णा तीत डेअरीचा दर दहा दिवसांचा पगार आणि पेंड-वैरणीचा खर्च लिहितात. म्हैस परवडते की नाही, यावर आमच्याकडे वर्षभर वाद असतो. बारा महिन्यांच्या बेरजा घेऊन मी कॉलेजच्या संगणकावर बसले.

पायथॉन या संगणकीय भाषेत मॅटप्लॉटलिब नावाचा आलेखाचा संच मिळतो. त्यातली ‘फिल बिट्वीन’ ही आज्ञा दोन रेघांमधली जागा रंगविते. तिला ‘व्हेअर’ म्हणून अट घालता येते. खर्च जास्त तिथे नारिंगी, दूध जास्त तिथे निळा, असे मी सांगितले. (लाल-हिरवा घेतला नाही, तो फरक काही जणांच्या डोळ्यांना दिसतच नाही.)

कागद घरी नेला. अण्णांनी चष्मा लावून पाहिला आणि विचारले, “ही मधली पांढरी पट्टी कसली गं? जूनला काय झालं?”

मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी कारण सापडले. संगणकाजवळ बाराच ठिपके. अट तो प्रत्येक ठिपक्याला विचारतो. जूनमध्ये दूध ६,२०० रुपये, खर्च ७,०००. जुलैत दूध ७,४००, खर्च ६,२००. नारिंगी रंग जूनच्या ठिपक्याशी थांबला, निळा जुलैपासून सुरू झाला, मधली जागा कोणाचीच नाही! ‘इंटरपोलेट’ हा पर्याय चालू केला की तो छेदनबिंदू काढतो. ८०० चा तोटा आणि १,२०० चा नफा, म्हणजे अंतराच्या चार-दशांशावर. पट्टी भरली.

पण ५० रुपयांचा तोटा आणि ८०० चा तोटा एकाच नारिंगी रंगात, हे काही मनाला पटेना. शिवाय क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिले आहे की, अशा रेघा चढ-उताराच्या असल्या की त्यांच्यातले उभे अंतर ओळखताना डोळा फसतो. म्हणून मग मधल्या जागेच्या बारीक उभ्या चिरफळ्या केल्या आणि प्रत्येकीला तिच्या फरकाप्रमाणे रंग दिला. फरक थोडा तर फिका, मोठा तर गडद. इथेही एक खोच आहे. वर्षातला सर्वांत मोठा तोटा ८०० आणि नफा १,२००. संगणकावर सोपविले तर तो यांचा मध्य, म्हणजे २०० रुपये नफा, पांढरा धरतो, आणि १०० रुपये सुटलेला महिनाही नारिंगी दिसतो. दोन्ही टोके १,२०० ला बांधून पांढरा शून्यावरच ठेवावा लागतो. एवढ्या एका ओळीवर म्हैस विकली जायची!

नवा कागद अण्णांना दाखविला. छेदनबिंदूवर बोट ठेवून ते म्हणाले, “हे इथं नव्हे. म्हैस जुलै लागल्यावर व्याली. तोवर तोटाच होता.”

त्यांचे बरोबर होते. जून आणि जुलै यांच्यामध्ये संगणकाने सरळ रेघ गृहीत धरली होती. आमची म्हैस सरळ रेघेत दूध देत नाही. आता मी महिन्यांच्या बेरजा सोडून दहा-दहा दिवसांची पगारपत्रके घेतली आहेत. छत्तीस ठिपके होतात. त्यांतले एकवीस भरून झाले. पुढची चार पत्रके आई ट्रंकेत शोधते आहे.