जालना जिल्ह्यातील चैत्र-वैशाखातील मासेमारी : जलस्थिती, मत्स्यजीवन आणि मृत साठ्याचा प्रश्न

प्रस्तावना

पर्वतीय नद्या व सरोवरे यांतील वसंतकालीन मासेमारीविषयी जे लेखन आढळते, ते बहुतांशी हिमप्रदेशांना डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहे. तेथे वसंत म्हणजे बर्फ वितळण्याचा, नद्यांना पाणी येण्याचा काळ होय. थंड व प्राणवायूने समृद्ध अशा या पाण्यात ट्राउटसारखे मासे वाढतात. काश्मीर व कुलूच्या खोऱ्यांत इंग्रजी अमलात हा मासा मुद्दाम आणून सोडण्यात आला आणि तेथील मासेमारीचा हंगाम आजही वसंतात सुरू होतो. आपल्याकडे मात्र ऋतुचक्राची ही दिशा नेमकी उलट आहे. जालना जिल्ह्यात वसंत म्हणजे पाणी आटण्याचा काळ. चैत्रात पूर्णा व दुधना यांचे प्रवाह खंडित होतात, तलावांची पाणरेषा काठापासून दूर जाते आणि नेमक्या याच काळात येथील भोई समाजाचा मासेमारीचा मुख्य हंगाम असतो. एकाच घटनेत सुगी आणि संकट अशा दोन्ही गोष्टी सामावलेल्या असतात. त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जिल्ह्यातील जलस्थाने

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आणि दक्षिण सीमेवर गोदावरी आहे. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून भोकरदन व जाफराबाद तालुक्यांतून वाहते. भोकरदन ज्या केळना नदीकाठी वसले आहे ती तसेच गिरजा या तिच्या उपनद्या होत. जालना शहरातून वाहणारी कुंडलिका दुधनेस मिळते. ‘पर्वतीय नद्या’ हा शब्द या नद्यांना पूर्णार्थाने लावता येणार नाही. परंतु उगमाकडील उतार, खडकाळ पात्र आणि त्यात जागोजागी असलेले डोह ही डोंगरी नद्यांची लक्षणे त्यांच्या वरच्या टप्प्यात दिसतात.

जलाशयांत घाणेवाडीचा निजामकालीन तलाव, अप्पर दुधना, कल्याण गिरजा, भोकरदन तालुक्यातील जुई व धामना, जाफराबाद तालुक्यातील जीवरेखा, अंबड तालुक्यातील गल्हाटी आदींचा उल्लेख करावा लागेल. निम्न दुधना प्रकल्पाचे धरण परभणी जिल्ह्यात असले तरी त्याचा फुगवटा परतूर परिसरात पसरतो. गोदावरीवर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी व लोणी सावंगी हे उच्च पातळी बंधारे झाल्यापासून घनसावंगी-परतूर पट्ट्यात मासेमारीचा काळ लांबला आहे. उत्तरेकडील तालुक्यांच्या वाट्यास हे भाग्य आलेले नाही.

मासे आणि त्यांची नावे

येथील नद्यांत मूळचे असलेले मासे म्हणजे मरळ, वाम, शिंगाळा, शिंगटी, पडीण, मांगूर व लहान खवल्या मासळीचे अनेक प्रकार. येथे एक गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कर्नल सायक्स यांनी दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांनी अनेक जातींना लॅटिन नावे न शोधता स्थानिक बोलीतीलच नावे दिली. त्यामुळे शिंगाळा, शिंगटी, खुद्री ही नावे आज जगभरच्या मत्स्यशास्त्रात, उच्चाराने किंचित बिघडून का होईना, रूढ आहेत. मासे ओळखण्याचे ज्ञान ज्यांच्याकडून घेतले गेले त्या मासेमारांची नावे मात्र त्या शास्त्रात कोठेही नाहीत.

तलावांतील स्थिती निराळी आहे. तेथील उत्पन्न मुख्यतः बाहेरून सोडलेल्या कटला, रोहू व मृगळ या जातींवर अवलंबून असते. हे मासे स्थिर पाण्यात वाढतात, परंतु प्रजनन करीत नाहीत; त्यासाठी त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनी ओरिसातील अंगुल येथे पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रेरित प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांतून बीज मिळू लागले. आपल्या तलावांत पावसाळ्याच्या उत्तरार्धात बोटुकली सोडली जाते व पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मासा विक्रीयोग्य होतो. याचाच अर्थ असा, की मच्छीमार संस्थेची वर्षभराची गुंतवणूक चैत्रात पाण्याखाली उभी असते. याखेरीज चिलापी हा परदेशी मासा बहुतेक तलावांत स्वतःहून पसरला आहे. तो स्थिर पाण्यातही वारंवार विणतो, कमी प्राणवायू सहन करतो, परंतु दाटी झाल्यास खुजा राहतो. त्याला बाजारात भाव कमी. तथापि ज्या वर्षी इतर काही उरत नाही त्या वर्षी तोच उरतो.

उष्णता, प्राणवायू आणि पहाटेची वेळ

माशांचे शरीर-तापमान पाण्याच्या तापमानाबरोबर बदलते. पौष-माघात पाणी थंड असल्याने कटला, रोहू सुस्त असतात, खोल राहतात व जाळ्यात कमी येतात. फाल्गुन-चैत्रात पाणी २५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्यांची भूक व हालचाल वाढते. जिल्ह्यातील सर्वांत चांगल्या मासेमारीचा हा काळ होय. वैशाखात मात्र गणित बिघडू लागते.

समुद्रसपाटीवर २० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण ७.६ मिलिग्रॅमपर्यंत खाली येते. जालना परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच असल्याने हवेच्या कमी दाबामुळे त्यातूनही पाच-सहा टक्के वजा होतात. म्हणजे वैशाखातील आपल्या तलावाची कमाल क्षमता लिटरमागे साधारणतः ७ मिलिग्रॅम एवढीच उरते. दुसरीकडे, तापमान १० अंशांनी वाढले की माशाची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते.

ही झाली सरासरी. प्रत्यक्षात प्राणवायूचे प्रमाण दिवसभरात बदलत असते. हिरवट झालेल्या पाण्यातील सूक्ष्म शेवाळ दिवसा प्रकाशसंश्लेषण करून प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ असे सर्वजण मिळून तो वापरतात. त्यामुळे सायंकाळी भरपूर असलेला प्राणवायू सूर्योदयापूर्वी नीचांकी जातो. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली उतरला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अनुभवी भोई पहाटे काठावर उभा राहून याच खुणेवरून तलावाची प्रकृती ओळखतो. नवखा मनुष्य मात्र त्यास मासळी ‘वर आली’ असे समजून हर्षित होतो.

दुसरा धोका अमोनियाचा. माशांच्या उत्सर्गातून व गाळातून निघणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी एकच रूप विशेष विषारी आहे. ३० अंश तापमानाला पाण्याचा सामू ७ असताना हे विषारी रूप एक टक्क्याहूनही कमी असते, तर सामू ९ झाल्यास ते ४० टक्क्यांच्या पुढे जाते. शेवाळाने दाटलेल्या उथळ तलावात वैशाखातील दुपारी सामू ९ च्या आसपास जाणे अशक्य नाही. पहाटे प्राणवायूचा तुटवडा आणि दुपारी अमोनियाचा दाह, अशा दुहेरी कात्रीत मासा सापडतो.

तिसरी घटना वळवाची. कडक उन्हात तलावाचे वरचे पाणी गरम व हलके होऊन वर तरंगते, तर भिंतीलगतच्या खोल भागात खालचा थर प्राणवायूविना पडून राहतो. वादळी वारा व गार पाऊस यांमुळे वरचे पाणी एकाएकी थंड होऊन खाली जाते, तळातील दूषित पाणी वर मिसळते. त्यातच ढगाळ हवेमुळे शेवाळाचे कामही थंडावते. वळवाच्या दुसऱ्या दिवशी काठाला मेलेले मासे लागतात, तेव्हा कोणीतरी विष टाकल्याचा संशय गावात घेतला जातो. क्वचित तो खराही असतो. परंतु पुष्कळदा दोष केवळ वळवाचा असतो.

विपुलतेचा भास

वैशाखात जाळ्याला मासळी जास्त लागते, म्हणून तलावात मासळी पुष्कळ आहे असा समज होतो. हा समज तपासून पाहिला पाहिजे. समजा, १०० हेक्टरांचा तलाव उन्हाळ्यात १० हेक्टरांवर आला. माशांची संख्या तीच राहिली तरी पाण्याच्या दर हेक्टरी त्यांची दाटी दहापट होते. साहजिकच त्याच तंगूस जाळ्यात, त्याच रात्रीत अधिक मासे अडकतात. वाढलेली पकड ही उत्पादनवाढीची नव्हे, तर पाणी घटल्याची खूण होय. केवळ उन्हाळी आकड्यांवरून तलावाची उत्पादकता ठरविणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

तलावापेक्षा नदीच्या डोहांत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. तलावात पुढील वर्षी पुन्हा बीज सोडता येते. मरळ, वाम, शिंगाळा यांचे बीज पूर्णेत कोणी सोडीत नाही. उन्हाळ्यात तुटलेल्या नदीतील एखादा खोल डोह हाच पुढच्या पिढीचा साठा असतो. पावसाळ्यात पाणी वाहते झाले की तेथूनच मासे वर-खाली पसरतात. असा डोह पंप लावून उपसून, विष कालवून अथवा सुरुंग लावून रिकामा केला, तर त्या टप्प्यातील मूळ मासळी पुढे कित्येक वर्षे परतत नाही. स्फोटके व विष यांच्या वापरास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच बंदी केलेली आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला, परंतु डोहावर पहारा कोणी करावयाचा हे आजही ठरलेले नाही. त्यात वाळूउपशाची भर पडली आहे. पात्रातील वाळू केवळ बांधकामाचे साहित्य नव्हे. ती पावसाचे पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात हळूहळू डोहांना पाझरवते. वाळू गेली की डोह महिनाभर आधी आटतो.

मृत साठा कोणाचा?

पाटबंधारे खात्याच्या परिभाषेत विमोचकाच्या पातळीखालील पाण्यास ‘मृत साठा’ म्हणतात. सिंचनाच्या दृष्टीने ते मृत असेल. माशांच्या दृष्टीने तेवढेच जिवंत असते. सामान्य वर्षी हा साठा मासळीला पावसाळ्यापर्यंत तारून नेतो. टंचाईच्या वर्षी मात्र पिण्यासाठी चर खोदून व पंप लावून तोही उचलला जातो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराने पाण्याची जी दैना अनुभवली, ती ज्यांनी पाहिली आहे ते पिण्याच्या पाण्याच्या अग्रक्रमाविषयी वाद घालणार नाहीत. प्रस्तुत लेखकही घालीत नाही. प्रश्न एवढाच आहे, की ज्या संस्थेने ठेक्याची रक्कम भरली व बोटुकली सोडली, तिला साठा उपसला जाणार असल्याचे केव्हा कळते? २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीने पाणीवाटपाचा जो प्राधान्यक्रम दिला त्यात पिण्याचे पाणी, सिंचन, जलविद्युत, पर्यावरण, उद्योग, नौकानयन यांचा नामनिर्देश आहे. मासेमारी ‘इतर’ या शब्दात शोधावी लागते.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून पाण्याचे आरक्षण ठरते. त्याच वेळी पाणी मृत साठ्यापर्यंत केव्हा उतरेल याचा अंदाजही बांधता येतो, कारण आवर्तने ठरलेली असतात आणि मे महिन्यात बाष्पीभवनाने दररोज सुमारे एक सेंटिमीटर पाणी जाते, हे माहीत असते. हा अंदाज मच्छीमार संस्थांना लेखी कळविला, तर त्या माघापासूनच टप्प्याटप्प्याने मोठ्या आसाच्या जाळ्याने मोठा मासा काढू शकतील. दाटी आपोआप कमी होईल आणि वैशाखात सर्वांची मासळी एकदम बाजारात येऊन भाव कोसळण्याचाही प्रसंग टळेल. बर्फाची सोय नसलेल्या गावात रात्री लावलेले जाळे पहाटे उशिरा काढले तर निम्मा माल टाकून द्यावा लागतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरा उपाय गाळाशी निगडित आहे. घाणेवाडी तलावातील गाळ नागरिकांच्या पुढाकाराने काढण्यात आला आणि २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली अनेक तलावांत हे काम झाले. हा गाळ सर्वत्र सारखा खरवडण्याऐवजी भिंतीपासून थोड्या अंतरावर एक भाग मुद्दाम अधिक खोल ठेवला, तर तलावातच डोह तयार होईल. यंत्र आलेलेच असते, डिझेलही जळतच असते. केवळ चालकाला कोठे खोदावयाचे ते सांगणारा मनुष्य हवा. तो मनुष्य गावातील भोईच असावा, असे सुचवावेसे वाटते.

महाविद्यालयांनाही या कामात वाटा उचलता येण्याजोगा आहे. विरघळलेल्या प्राणवायूच्या मापनासाठी महागडे उपकरण नसले तरी विंकलर पद्धती पुरेशी आहे. तिला लागणारे मँगनीज सल्फेट, अल्कधर्मी आयोडाइड, गंधकाम्ल, सोडियम थायोसल्फेट व स्टार्च ही द्रव्ये रसायनशास्त्राच्या सामान्य प्रयोगशाळेत सहज उपलब्ध होतात. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत आठवड्यातून एकदा, जवळच्या एका तलावावर, पहाटे पाच वाजता व दुपारी तीन वाजता नमुना घ्यावा. बाटलीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये आणि पहिली दोन द्रावणे काठावरच मिसळावीत. नमुना तसाच महाविद्यालयात आणल्यास वाटेतच आकडा बदलतो. पाण्याची पातळी, तापमान आणि त्या दिवशी जाळ्यात आलेल्या माशांची जात व वजन यांची नोंद त्याच वहीत करावी. वजनाचा काटा संस्थेकडे असतोच.