लहान राऊटर आणि फर्म्याचें काम

सुताराच्या पेटींत हल्लीं विजेवर चालणारें, एका हातांत मावणारें एक लहान यंत्र असतें. तो त्यास ट्रिमर म्हणतो व सनमायकाच्या कडा साफ करण्यास वापरतो. हौसेनें लांकूडकाम करणाऱ्या तरुणांच्या हातींही तें आलें आहे. आणि एका फर्म्यावरून अनेक सारखे नग निघतात हें पाहून घरचे उत्साही चिरंजीव चौरंगाचे चार पाय आपणच करूं म्हणतात. संकल्प स्तुत्य आहे. परंतु त्याची सिद्धि यंत्रापेक्षां त्यांत बसविलेल्या पात्यावर अधिक अवलंबून आहे.

या पात्यास बाजारांत बिट म्हणतात. त्याच्या व्यासाइतकेंच एक बेअरिंग त्यास जोडलेलें असतें. बेअरिंग फर्म्याच्या कडेवरून फिरतें आणि पातें त्याबरहुकूम लांकूड कापतें. बेअरिंग दांडीकडे असल्यास फर्मा लांकडाच्या वर बसवावा. टोंकाशीं असल्यास खालीं. बिंबप्रतिबिंबन्याय येथें अक्षरशः लागू पडतो. फर्म्याच्या कडेचा बारीकसा खळगाही चारही पायांवर उमटतो. म्हणून प्लायवूडचा फर्मा कानस व पॉलिश पेपर लावून निर्दोष करण्यांत गेलेला वेळ वायां जात नाहीं.

आतां निवडीविषयीं. लांकूड २५ मिलिमीटर जाड, तर पातेंही तेवढेंच लांब असावें, असें साहजिकच वाटतें. मोठ्या राऊटरांत १२ मिलिमीटर जाडीची दांडी बसते, त्यामुळें तेथें तें चालतें. लहान यंत्रांत बहुधा ६ मिलिमीटरच्या आसपासचीच दांडी मावते. दांडीचा ताठपणा व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत असतो. जाडी निम्मी झाली कीं ताठपणा षोडशांश उरतो. उलटपक्षीं, बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली तर वांक आठपट होतो. मिनिटास वीस-तीस हजार फेरे घेणारें असें पातें थरथरतें, लांकूड करपवितें आणि प्रसंगीं मोडून उडतें.

यावर उपाय सोपा आहे. दांडीकडे बेअरिंग असलेलें, १२ मिलिमीटर लांबीचें आंखूड पातें घ्यावें. प्रथम करवतीनें रेषेबाहेर दीड-दोन मिलिमीटर राखून पाय कापावा. दुहेरी चिकटपट्टीनें फर्मा वर घट्ट बसवून पहिला हात फिरवावा. मग फर्मा काढून पातें खालीं सोडावें. आतां बेअरिंग नुकत्याच कापलेल्या गुळगुळीत कडेवरून चालतें आणि तीच कड फर्म्याचें काम करते. तिसऱ्या हातांत उरलेली जाडी निघते.

यंत्र लांकडावर धरून बाहेरची कड कापतांना तें घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें न्यावें. आंतील पोकळी कापतांना कांट्यांच्या दिशेनें. हा नियम मोडल्यास यंत्र हातांतून पुढें धांवतें. वळणावर तंतु उलटे आले कीं ढलपी उडते. तेथें फारच थोडें लांकूड घ्यावें. दांडी कोलेटांत पूर्ण घालून दोन-तीन मिलिमीटर मागें ओढावी व मगच आवळावी. पातें बदलण्यापूर्वीं विजेची पिन काढलीच पाहिजे. डोळ्यांस चष्मा व नाकास मुसकें हवें.

घरांतील वडील मंडळींस एवढेंच सांगणें आहे कीं, मुलांच्या हौसेस मोडता घालूं नये. मात्र पातें आंखूड आहे ना व पिन काढली आहे ना, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळीं विचारावे. चौरंगाचा पाय बिघडला तर दुसरा करतां येतो; बोटाची गोष्ट तशी नाहीं.