पोतनीस म्हणजे खजिनदार का?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की पहिली चूक बहुतेक वेळा भाषांतरात होते. माझीही झाली. सुट्टीत उंद्रीला घरी बसून मी एक तक्ता केला होता. पोतनीस म्हणजे खजिनदार, पोतदार म्हणजे खजिनदार, आणि बायझंटाइन साम्राज्यातला 'साकेलारिओस'? तोही खजिनदारच! मार्गदर्शकांनी अख्खा रकाना खोडला आणि एकच विचारलं, "पैशाला हात कोण लावत होतं आणि कागदाला कोण?"

आता बघा. 'पोत' हा शब्द फारसी 'फोता'वरून आलेला. पोतनीस रोकडीचा हिशेब लिहायचा, पोतदार नाणं खरं की खोटं ते पारखायचा. गावगाड्यात हे पारखीचं काम सहसा सोनाराकडे असे. शब्दाचं मूळ एक, कामं दोन.

साकेलारिओसचं तर आणखी अवघड. ग्रीकमध्ये 'साकेला' म्हणजे थैली. सुरुवातीला हा माणूस सम्राटाची खासगी थैली सांभाळायचा, पुढे सगळ्या जमाखर्च खात्यांवर देखरेख करू लागला. मधल्या काळात, इ.स. 636 मध्ये, यार्मुकच्या लढाईत अरबांविरुद्धच्या फौजेच्या सेनानींमध्ये साकेलारिओस थिओडोर होता. खजिन्याचा माणूस रणांगणावर! आणि कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठात याच नावाचा अधिकारी पुढे मठांवर देखरेख ठेवू लागला. नावात थैली, हाताखाली मठ.

हे फार परकं वाटत असेल तर नाना फडणीस आठवा. फडणीस म्हणजे मुळात 'फर्दनवीस', हिशेबाची फर्द लिहिणारा. पण बारभाईंच्या कारस्थानानंतर 1800 मध्ये मृत्यू होईपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, पेशवाईचा कारभार नानांच्याच हाती होता. पदनाम वाचून त्यांना कारकून ठरवलं तर परीक्षक काय म्हणतील ते तुम्हीच ठरवा.

म्हणून पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद चाळताना कोश जरा बाजूला ठेवा. (मोडी आधी शिका, हे वेगळं सांगायला नको.) रोजकीर्दीत रक्कम कोणाच्या हस्ते गेली, हिशेब कोणाला समजावला, सनद कोणत्या साली मिळाली, हे टिपा. पन्नास वर्षांत त्याच पदाचं काम बदललेलं असू शकतं.

माझ्या नव्या तक्त्यात 'मराठी अर्थ' हा रकानाच नाही. तिथे आता 'साल' आणि 'प्रत्यक्ष काम' असे दोन रकाने आहेत, आणि निम्मे अजून रिकामे आहेत.