अक्कलदाढ : काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा आम्ही धम्मावर किंवा चळवळीवर काही लिहावे, अशीच त्यांची अपेक्षा असणार. परंतु त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारे आपल्या संस्थेत अनेक आहेत. आम्ही मात्र गेल्या वर्षावासात एका वेगळ्याच अनुभवातून गेलो. आमची उजव्या बाजूची खालची अक्कलदाढ शस्त्रक्रिया करून काढावी लागली. त्यानंतरच्या रविवारी सुजलेला गाल रुमालाने झाकून आम्ही वंदनेला गेलो. वंदना आटोपताच आठ-दहा मंडळींनी आम्हाला घेरले. प्रत्येकाची कुठली तरी शेवटची दाढ दुखत होती, किंवा दुखून थांबली होती, आणि एकालाही दवाखान्याची पायरी चढायची नव्हती. कोणी लवंग धरत होते, कोणी तंबाखूची गोळी, तर कोणी मिश्री. त्या दिवशी एकेकाला तोंड वाकडे करून जे सांगावे लागले, तेच येथे सविस्तर लिहीत आहोत.

ही दाढ साधारणपणे सतरा ते पंचवीस या वयात येते. म्हणजे माणसाला अक्कल येण्याच्या सुमारास, म्हणून तिला अक्कलदाढ म्हणतात. वर दोन, खाली दोन अशा चार दाढा धरल्या जातात. पण काहींना त्या चारही येत नाहीत आणि काहींना जन्मभर एकही येत नाही. त्यावरून कोणाच्या अकलेचा हिशेब करू नये. खरी अडचण जागेची आहे. बाकीचे सर्व दात आपापली जागा धरून बसल्यानंतर ही शेवटची दाढ येते आणि जबड्यात तिला जागाच उरलेली नसते. मग ती तिरपी होते, पुढच्या दाढेला डोके टेकून आडवी पडते किंवा हाडातच अडकून राहते. गाडी खच्चून भरल्यावर शेवटी धावत आलेला माणूस जसा दारात अर्धा आत अर्धा बाहेर लटकतो, तशी तिची गत होते.

या अर्धवट बाहेर आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पदर राहतो. त्या पदराखाली अन्नाचे कण शिरतात, ते ब्रशने निघत नाहीत, तेथे जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. मग गिळताना दुखते, कान ठणकतो, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. वरची दाढ त्याच सुजेवर आपटते आणि दुखणे आणखी वाढते. पण पुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हे दुखणे बहुधा पाच-सात दिवसांत आपोआप ओसरते. दाढ तेथेच असते, पदर तेथेच असतो, फक्त सूज उतरते. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मधल्या काळात आपण जे काही लावले असेल त्याला गुण आला असे आपण समजतो.

आमच्या आत्याचे असेच झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी, लग्न होऊन वर्ष झाले नसेल, तेव्हा तिची अक्कलदाढ दुखू लागली. शेजारणीने मिश्री लावायला दिली. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड हिरडीवर चोळली की थोडी बधिरता येते, डोके हलके होते. चार-पाच दिवसांत दुखणे गेले. ते जाणारच होते. पण यश मिळाले मिश्रीला. दाढ नंतर कधी दुखली, कधी नाही. मिश्री मात्र सुटली नाही. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, शेतावरून आल्यावर, निजताना, अशी चाळीस वर्षे ती मिश्री लावत होती. २०११ साली त्याच बाजूला गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, मग न भरणारी जखम. मुंबईला आणून शस्त्रक्रिया केली, अर्धा जबडा काढावा लागला. त्यानंतर दोन वर्षे ती पातळ पेजेवर जगली. आत्याने आयुष्यात विडी ओढली नाही, दारूला शिवली नाही. पंचशील घेताना तिचा आवाज सर्वांत खणखणीत असे. मिश्रीला ती व्यसन मानतच नव्हती, औषध मानत होती. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण बंदी घालणार?

हे सारे डोळ्यांसमोर असूनही आम्ही स्वतः फार शहाणपणाने वागलो असे नाही. मिश्री लावली नाही इतकेच. दाढ दुखली की जवळच्या एका दवाखान्यात जायचे, तेथे पाच दिवसांच्या गोळ्या मिळायच्या, दुखणे थांबायचे. असे तीन वेळा झाले. एक्स-रे काढा असे त्या डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आत्याची मिश्री आणि आमच्या गोळ्या यांत त्या अर्थाने फारसा फरक नव्हता. चौथ्या वेळी काउंटरवर बसलो असताना खातेदाराला साधे नाव विचारता येईना, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. आमची दाढ आडवी पडून पुढच्या चांगल्या दाढेला टेकली होती आणि टेकलेल्या जागी ती चांगली दाढही किडू लागली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे असे मुळीच नाही. सरळ आलेली, नीट घासता येणारी, न दुखणारी दाढ खुशाल राहू द्यावी. ब्रिटनमध्ये २००० साली तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठी अशी सूचनाच निघाली की, ज्या दाढेला काही रोग नाही ती केवळ खबरदारी म्हणून काढू नये. पण वारंवार सुजणारी, किडलेली किंवा शेजारच्या दाढेला बिघडवणारी दाढ काढावी, आणि काढायचीच तर लवकर काढावी. विशी-पंचविशीत हाड थोडे लवचीक असते, मुळे पुरती वाढलेली नसतात, जखम लवकर भरते. आम्ही चाळिशी ओलांडून गेलो, त्याची किंमत मोजली.

दुसरी भीती वेदनेची. १८४४ साली अमेरिकेतील हार्टफर्ड गावचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली, तेव्हा कुठे वेदनेशिवाय दाढ निघू शकते हे जगासमोर येऊ लागले. आज दातांसाठी सर्रास वापरले जाणारे लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले. त्याची सुई जबड्याच्या मागच्या बाजूला टोचतात. ती टोचते, हे खोटे कशाला सांगा! पण पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि हनुवटी जड होते, जणू दुसऱ्याच कोणाची. मग हिरडीला छेद देतात, अडवणारे हाड पाण्याची धार सोडत यंत्राने थोडे कोरतात आणि दाढ आडवी असेल तर तिचे तुकडे करून एकेक बाहेर काढतात. दुखत नाही, दाब मात्र चांगलाच जाणवतो. आवाज हाडातून थेट कानात जातो, त्यामुळे बाहेर रस्ता खणत आहेत की आपला जबडा, असे वाटते. आम्ही खुर्चीचे हात घट्ट धरून आनापानाकडे लक्ष देण्याचा प्रयत्न केला. पहिली दहा मिनिटे जमले, पुढे जमले नाही. पाऊण तासात टाके घालून झाले.

सही करण्यापूर्वी डॉक्टरांनी एक धोका सांगितला होता. खालच्या जबड्याच्या हाडातून एक मज्जातंतू जातो, तो ओठ व हनुवटीला संवेदना देतो. दाढेची मुळे त्याच्या जवळ असतील तर त्याला धक्का लागून ओठ बधिर राहू शकतो; बहुतेकांचा काही आठवड्यांत वा महिन्यांत बरा होतो, क्वचित एखाद्याचा कायमचा राहतो. म्हणून एक्स-रे पाहून हा प्रश्न आपणच विचारावा. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगावे. त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

दाढ निघाली म्हणजे काम झाले असे आपल्याकडे समजतात. वस्तुतः निम्मे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते डॉक्टरांचे नसून आपले असते. दाढेच्या जागी जो खड्डा पडतो त्यात रक्ताची गाठ धरते. हीच गाठ म्हणजे जखमेचे झाकण. तिच्याखाली हाड भरून येते. म्हणून कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा आणि पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही. हे न थुंकणे आम्हाला सर्वांत कठीण गेले. लाळेत थोडे रक्त मिसळले तरी तोंडभर रक्त आल्यासारखे वाटते आणि माणूस घाबरून थुंकत सुटतो. त्या ओढीने गाठ सुटते आणि खरेच रक्त येते. लाळ गिळून टाकावी. शहाळ्याचे पाणी प्यावे, पण पेल्यातून. नळीने ओढल्यास तीच ओढ बसते. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ धरावा, रात्री उशाला दोन उश्या घ्याव्यात. बधिरता उतरण्यापूर्वीच वेदनेची गोळी घ्यावी. आमच्या सौ.ने नाचणीची पेज कोमट करून दिली. गरम काही खायचे नसते. पुढे मऊ भात, वरण, ताक. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी तोंडात घेऊन मान हलकेच कलती करावी आणि पाणी आपोआप पडू द्यावे, खळखळून गुळण्या करू नयेत.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. हे ठाऊक नसल्याने लोक तिसऱ्या दिवशी हबकतात. त्यानंतर ती उतरणीला लागली पाहिजे. याउलट तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेदना एकदम वाढली, कानापर्यंत गेली आणि तोंडाला घाण वास येऊ लागला तर गाठ निघून हाड उघडे पडले आहे असे समजावे. आमच्या एका भाच्याचे तसे झाले होते, कारण त्याने दुसऱ्याच दिवशी विडी पेटवली. अशा वेळी डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरतात आणि त्या पट्टीला चक्क लवंगेचा वास येतो. आजीची लवंग अगदीच चुकीची नव्हती म्हणायची! मात्र लवंगतेल घरी हिरडीवर ओतले तर हिरडी भाजते. जबड्याखाली किंवा गळ्याला सूज पसरली, लाळसुद्धा गिळता येईना, ताप चढला किंवा श्वास अडू लागला तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जावे. यात जीव जाऊ शकतो.

आम्हाला डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली आणि आम्ही चौथ्या दिवशी कामावर जायच्या गोष्टी करू लागलो, तेव्हा विनयपिटकातील महावग्गातली जीवकाची कथा आठवली. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे डोके उघडून शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जीवकाने त्याच्याकडून कबूल करून घेतले की तो सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणा पडून राहील. श्रेष्ठी प्रत्येक वेळी सातव्या दिवशी कंटाळला. एकवीस दिवसांनी जीवकाने त्याला सांगितले की तो बरा झाला आहे. एवढेच दिवस लागतील हे आधीच ठाऊक होते, पण तेवढेच सांगितले असते तर श्रेष्ठी तेवढाही पडून राहिला नसता. अडीच हजार वर्षांत रोगी बदललेला नाही. आम्ही मुकाट्याने रजा वाढवली.

आठव्या दिवशी टाके निघाले. खड्डा भरायला बरेच आठवडे गेले. तोवर प्रत्येक जेवणानंतर त्यात एक तरी शीत अडकायचे. ओठाची कड दीड महिना बधिर होती, दाढी करताना कळत नसे. शेजारची किडलेली दाढ भरून घेतल्याने वाचली.

आपल्या संस्थेने दोन वर्षांपूर्वी दंतचिकित्सा शिबीर घेतले होते. तपासणी झाली, टूथपेस्ट वाटल्या, फोटोही निघाले. ज्यांना एक्स-रे काढा म्हणून चिठ्ठी दिली, त्यांतले किती जण पुढे गेले याची नोंद कोणी ठेवली नाही; आम्हीही त्या शिबिरात कार्यकर्ते होतो. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खाजगी दवाखान्याच्या मानाने तेथे खर्च कमी येतो, वेळ मात्र काढून जावे लागते. माणसे खर्चाइतकीच एकटे जायला घाबरतात, असे आमच्या ध्यानात आले आहे.

त्या रविवारी आम्हाला घेरणाऱ्यांत आपल्या वस्तीतील दोन भगिनी होत्या. त्यांतील एक गेली सहा वर्षे मिश्री लावते. ‘मिश्री सोडली तर दाढ पुन्हा दुखेल का?’ असे तिने विचारले. दुखू शकेल, असे आम्ही खरे ते सांगितले, आणि आत्याची हकीकतही सांगितली. येत्या मंगळवारी दोघींना घेऊन नायरला जायचे ठरले आहे. केसपेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर निघावे लागेल.