अंगावर नाडी कुठे कुठे लागते?

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघाले की पळस्प्यानंतर कोन हे गाव लागते. आयुर्वेदाशी या टापूचे नाते जुने आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये पनवेललाच ‘श्री धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. वैद्यांचे नाडीशास्त्र मात्र त्याहून कितीतरी प्राचीन. चरक-सुश्रुतांनी नाडीपरीक्षेचे सविस्तर वर्णन केलेले नाही. ते ठळकपणे येते ‘शार्ङ्गधरसंहिता’ या ग्रंथात. तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ, अशी वैद्यांची वाटणी. वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी चालते, असे परंपरा सांगते.

आधुनिक वैद्यकाला या चालीपेक्षा ठोक्यांची संख्या, नियमितपणा आणि जोर महत्त्वाचा वाटतो. पण ठोके मोजायचे तर सेकंद मोजणारे घड्याळ हवे. इंग्लंडमधले डॉक्टर सर जॉन फ्लॉयर यांनी खास नाडीसाठी एक मिनिट चालणारे घड्याळ बनवून घेतले आणि १७०७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

बोटाला जाणवतो तो ठोका म्हणजे वाहत आलेले रक्त, असा सर्वसाधारण समज असतो. खरे तर ती दाबाची लाट असते. मालगाडीच्या इंजिनाने हिसका दिला की तो क्षणात शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचतो, डबे मात्र सावकाश सरकतात, तसेच हे. महाधमनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहूनही कमी असतो, लाट मात्र सेकंदाला ५ ते १० मीटर धावते. वय वाढून धमन्या ताठर झाल्या की ती आणखी वेगाने धावते.

धमनी जिथे कातडीजवळ येते आणि खाली दाबायला हाड किंवा टणक भाग असतो, तिथे ही लाट बोटाला लागते. वरून खाली येऊ. कानाच्या अगदी पुढे, कानशिलावर. मानेत, कंठमण्याच्या बाजूच्या खोबणीत. कोपराच्या घडीत आतल्या बाजूला. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला. जांघेत. गुडघ्यामागे, तीही गुडघा थोडा वाकवून, कारण इथली धमनी खोल असते. आतल्या घोट्याच्या मागे. आणि पावलाच्या पाठीवर.

प्रत्येक जागेचे काम वेगळे. एक वर्षाखालच्या बाळाची मान आखूड आणि गुबगुबीत, म्हणून त्याची नाडी दंडाच्या आतल्या बाजूला बघतात. मधुमेह्याच्या पायाला रक्त नीट पोहोचते का, हे पावलावरची आणि घोट्यामागची नाडी सांगते. पावलाच्या पाठीवरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून दोन्ही जागा बघायच्या.

मनगटाची नाडी घरी सहज बघता येते. पाच मिनिटे शांत बसा. तळहात वर करून तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांची टोके अंगठ्याखालच्या खोबणीत हलकी टेकवा. अंगठ्याने बघू नका. त्याच्या स्वतःच्या ठोक्याने फसगत होते. फार दाबले तर नाडीच बंद होते. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. ठोके अनियमित असतील तर पूर्ण मिनिट मोजा. विश्रांतीत प्रौढांचे ६० ते १०० ठोके सामान्य समजतात. सराव असलेल्या खेळाडूंचे याहून कमीही असतात. मानेच्या दोन्ही बाजू मात्र एकदम कधीच दाबू नयेत. मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊन घेरी येऊ शकते.

रक्तस्राव होऊन रक्तदाब घसरला की साधारणपणे मनगटाची नाडी आधी हरवते, मग जांघेची आणि शेवटी मानेची. म्हणून मनगटावर नाडी लागली नाही, तेवढ्यावरून ‘गेला’ म्हणू नये. प्रशिक्षित माणसालाही मानेवर १० सेकंदांहून जास्त वेळ नाडी शोधायची मुभा नाही.

सामान्य माणसाने तर ती शोधत बसूच नये. कोनजवळच्या रस्त्यावर असो वा घरात, कोणी बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तेव्हा बिनधास्त पुढे व्हा.