लंडनमधील बेटवासीयांची मंडळे : एका वर्षाचा हिशेब

‘सामाजिक मंडळ’ म्हटले की आपल्याकडच्या कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. सहल, वर्गणी, स्नेहसंमेलन, नाचगाणे. यात चळवळ कोठे आहे, असा त्याचा सवाल असतो. लंडनमधील कॅरिबियन बेटवासीयांच्या मंडळांकडे पाहिले तर या सवालाचे उत्तर मिळते. जमेका, बार्बाडोस, डॉमिनिका, मॉन्सेराट अशा एकेका बेटाच्या नावाने ही मंडळे उभी राहिली. त्यांच्या वर्षभराच्या कार्यक्रमांमागे प्रस्थापित समाजाचा कोणता ना कोणता नकार उभा आहे.

२२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून टिलबरी बंदरात उतरलेले बेटवासी ब्रिटिश प्रजाजनच होते. युद्धाने मोडलेल्या देशाला मजूर हवे होते. १९५६ पासून लंडनच्या बस व भुयारी रेल्वेसाठी थेट बार्बाडोसमध्ये भरती झाली. प्रवासभाडे कर्जाऊ मिळे आणि ते पगारातून फेडावे लागे. हात हवे होते, शेजार नको होता. १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा भेदभाव तेवढा रोखला. घर आणि नोकरी यांतला भेदभाव बेकायदेशीर ठरायला १९६८ उजाडले. गावात पाणवठा आणि शहरात खोली नाकारली गेलेल्या आपल्या माणसांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

अशा मंडळाचे वर्ष वार्षिक सभेपासून धरू. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांची निवड, जमाखर्चाचे वाचन, थोडी भांडणे. परंतु खरा पैसा अनेकदा या वहीबाहेर फिरत असे. जमेकन माणूस त्याला ‘पार्डनर’ म्हणतो, त्रिनिदादचा ‘सूसू’, बार्बाडोसचा ‘मीटिंग टर्न’. वीस जणांनी आठवड्याला पाच-पाच पौंड द्यायचे आणि जमलेले शंभर पौंड पाळीपाळीने एकेकाने उचलायचे. ही आपल्या चाळीतली भिशीच! बँकेने कर्ज नाकारले, घरमालकाने खोली नाकारली, तेव्हा कित्येकांनी घराची पहिली रक्कम या भिशीतून उभी केली.

उन्हाळ्यात बस भरून समुद्रकिनाऱ्याची सहल निघते, क्रिकेट होते. १ ऑगस्टला गुलामगिरीच्या अंताचे स्मरण. १८३४ साली या तारखेला कायदा अमलात आला तेव्हा मालकांच्या भरपाईसाठी दोन कोटी पौंड मंजूर झाले होते. गुलामांच्या हाती दमडी पडली नाही. उलट बहुतेक बेटांवर ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना १८३८ पर्यंत जुन्याच मालकाकडे राबावे लागले. ऑगस्टअखेर नॉटिंग हिलचा कार्निव्हल येतो. त्याचे मूळही दंगलीत आहे. १९५८ साली तेथे गोऱ्या टोळ्यांनी काळ्यांवर हल्ले केले. त्याला उत्तर म्हणून त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स या साम्यवादी संपादिकेने ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पॅन्क्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. नाच हे येथे निषेधाचेच रूप होते.

पावसाळी वादळांच्या दिवसांत मंडळ मदतनिधी गोळा करते. नाताळाआधी पिंपे भरभरून कपडे, डबाबंद अन्न बेटांवर रवाना होते. आणि कोणत्याही ऋतूत मरण येतेच. मग मृताच्या घरी नऊ रात्रींचे जागरण, भजने, जेवण, दफनासाठी वर्गणी. परक्या शहरात आपले माणूस बेवारशासारखे जाऊ नये, एवढी साधी प्रतिज्ञा त्यामागे असते.

मात्र या मंडळांची मर्यादाही स्पष्टपणे मांडली पाहिजे. जमेकन माणूस इतरांना ‘छोट्या बेटावरचे’ म्हणून हिणवतो. जमेकाचा स्वातंत्र्यदिन ६ ऑगस्टला, त्रिनिदादचा ३१ ऑगस्टला, बार्बाडोसचा ३० नोव्हेंबरला. झेंडे निराळे, मेजवान्या निराळ्या. १९५८ साली स्थापन झालेले वेस्ट इंडीजचे संघराज्य जमेकाच्या सार्वमतानंतर १९६२ मध्ये मोडले. क्रिकेटचा संघ तेवढा एक राहिला. १९५० साली लॉर्ड्सवर इंग्लंडला हरवताना त्रिनिदादचा रामाधीन आणि जमेकाचा व्हॅलेंटाइन यांनी मिळून अठरा बळी घेतले.

द्वेष करणारा मात्र बेट विचारीत नाही. मे १९५९ मध्ये केल्सो कॉक्रेन या अँटिग्वाच्या सुताराचा नॉटिंग हिलमध्ये खून झाला; त्याच्या अंत्ययात्रेला हजाराहून अधिक लोक लोटले. १८ जानेवारी १९८१ च्या पहाटे न्यू क्रॉसमध्ये वाढदिवसाच्या घराला आग लागून तेरा तरुण मुले-मुली मेली. आगीचे कारण दोन चौकश्यांनंतरही निश्चित झाले नाही. पण सत्ताधाऱ्यांचे मौन सर्वांना स्पष्ट ऐकू आले. २ मार्चला, कामाच्या सोमवारी, सुमारे वीस हजार लोक रस्त्यावर उतरले. त्या दिवशी बेटांच्या भिंती गळून पडल्या. माणसे जमवण्याची, पैसे उभे करण्याची, निरोप घरोघर पोचवण्याची सवय त्यांना कोठून लागली होती? सहलीतून, भिशीतून, दफनातून!

पुढे २०१८ मध्ये उघड झाले की, १९७३ पूर्वी आलेल्या आणि कायद्याने हक्कदार असलेल्या अनेक बेटवासीयांना कागद नाहीत म्हणून नोकरी गमवावी लागली, उपचार नाकारले गेले, काहींना हद्दपारही केले गेले. त्यांच्या आगमनाच्या चिठ्ठ्या गृहखात्याने २०१० मध्येच नष्ट केल्या होत्या. ज्याचे दप्तर त्याचा इतिहास, हे यातून शिकावयाचे आहे.

मुंबईत कोकणातल्या बौद्ध गावकऱ्यांची मंडळे आजही आहेत. त्यांच्याकडे ‘नुसती वर्गणीची मंडळे’ म्हणून पाहणे सोडले पाहिजे. त्यांच्या जुन्या वह्या, सभांची इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या विद्यार्थ्यांनी जतन केल्या पाहिजेत. आपल्या वस्त्यांचा इतिहास दुसऱ्या कोणाच्या दप्तरात सापडणार नाही. त्याच वेळी गाव, तालुका, पोटजात यांच्या भिंती घेऊन आपण शहरात किती काळ राहणार, हेही या मंडळांना विचारले पाहिजे. गावाच्या नावाने माणूस जमतो, हे खरे. पण जमलेल्या माणसाने गावापाशीच थांबायचे काय?